सोमवारची गोळी

अक्का, तू गेल्यावर भेटायला म्हणून येणारी माणसं अजून थांबलेली नाहीत. आज सकाळीही दोघी येऊन गेल्या. चहा घेतला, डोळे पुसले, आणि उंबऱ्यापाशी चपला घालता घालता त्यातली एक म्हणाली, "हार्टचंच होतं न्हवं त्यास्नी? मग कुटं वाचतंय माणूस." मी तिथंच तिला अडवलं. म्हटलं, "बाई, परत आत या, बसा. माझी बहीण हार्टनं गेली नाही. न्यूमोनियानं गेली. तिचं हार्ट शेवटपर्यंत ठणठणीत होतं, हवं तर रिपोर्ट दाखवते." बिचारी घाबरून खरंच बसली. तुझ्या सुनेनं, सुवर्णानं, मला आत बोलावून हळूच दटावलं, "मावशी, भेटायला आलेल्या माणसांशी भांडतात का?"

भांडतात. आयुष्यभर मी तुझ्याशी भांडले, आता तुझ्या बाजूनं भांडते. हातात दुसरं काम काय उरलंय?

आपल्या दोघींची कामं किती वेगळी होती. मी लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढणार आणि दिवसभर लॅबमध्ये मान मोडून बसणार. तू कडक भाकरी करणार. तुझ्या मागच्या खोलीत बचत गटातल्या बायका जमायच्या, चुली पेटायच्या, आणि पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, महिना महिना टिकणारी भाकरी डब्यांत भरून दुकानांत जायची. लग्न होऊन मी तुझ्याच गल्लीत आले. रोज सकाळी आवरताना भिंतीपलीकडून तुझ्या थापण्याचा आवाज यायचा. बाकीच्या बायकांचे हात थपथप वाजायचे, तुझा मात्र टाळी दिल्यासारखा खणखणीत. डोळे मिटूनही मला सांगता आलं असतं की परातीवर आत्ता अक्का बसली आहे. तो आवाज कानावर आला की माझा दिवस बरा सुरू व्हायचा. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू गल्लीभर केलं असतंस.

मग एका हिवाळ्यात तो आवाज उशिरा यायला लागला. आला तरी दबका. विचारलं तर तू म्हणालीस, "पीठच धड न्हाय यंदाचं." पुढं जोंधळ्याला नावं ठेवलीस, मग गिरणीवाल्याला. एका सकाळी मी न सांगता आत आले तेव्हा तू गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसली होतीस. बोटांची पेरं सुजून लाल झाली होती आणि मूठ वळत नव्हती. मला बघून हात लपवायला गेलीस, तर पातेलंच कलंडलं. त्या दिवशी तुझं रक्त मीच काढलं. "सावकाश गं, कसाब हायस का," असं ओरडलीस तेव्हा कळलं, की तू अजून आहेस तशीच आहेस.

संधिवात निघाला, पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. डॉक्टरांनी तुला समोर बसवून समजावलं. आपल्या अंगात बाहेरच्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशी असतात, त्या तुझ्या बाबतीत चुकून घरच्याच सांध्यांवर तुटून पडल्या आहेत. म्हणून ही सूज, ही आग, सकाळचं हे आखडणं. त्या पेशींचा जोर कमी करायला एक गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर घात होईल, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. तुम्ही विसरणार नाही असा एक वार ठरवा, म्हणाले. तू क्षणाचाही विचार केला नाहीस.

"सोमवार. सोमवार मी मरताना बी इसरणार न्हाय."

मला केवढं समाधान वाटलं होतं! सोमवार म्हणजे तुझा सिद्धरामेश्वराचा वार, सकाळपासून उपास, संध्याकाळी पूजा. त्याच्याशी बांधलेली गोळी चुकेल कशी?

चुकली नाही. गेली मात्र भलतीकडंच.

ते कोरोनाचं वर्ष होतं. घरोघरी काढे उकळत होते, जो तो प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागं होता. तू मला दारात गाठलंस. "सगळं सोलापूर ताकद वाढवायलंय आन् तू माझी कमी करायलीस? बहीण हायस का वैरीण?" मी म्हटलं, "अक्का, तुझी ताकद जास्त झालीये म्हणून तर हे दुखणं आहे." तू म्हणालीस, "ताकद कधी जास्त असती व्हय? साकु, साकु, पुरे तुझं शहाणपण!" तुला राग आला की तू आईच्या कन्नडात जायचीस, आणि तिथं मला कधीच जिंकता आलं नाही.

तरी मी विचारत राहिले, "गोळी घेतेस ना?" आणि तू सांगत राहिलीस, "व्हय की, दर सोमवारी." पण रक्तातला सुजेचा आकडा काही खाली येईना. रिपोर्ट दाखवला की तू चष्म्यावरून बघायचीस आणि म्हणायचीस, "तुझं मशीन बिघडलंय. दाखव कुणाला तरी." मी मशीन तपासून घेतलं, अक्का. खरंच घेतलं.

पुढं तुला थापताना धाप लागायला लागली. मध्येच हात थांबायचा, जबडा दुखायचा, पाठीत काहीतरी दाटून यायचं. तू ओवा चावायचीस, गॅस म्हणायचीस. ज्या दुपारी तू परातीवरून उठून पायरीवर बसलीस आणि घामानं तुझं लुगडं पाठीला चिकटलं, त्या दुपारी सुवर्णानं मला फोन केला आणि आम्ही दोघींनी तुला रिक्षात घातलं. रिक्षातही तू म्हणत होतीस, "तव्यावरची भाकरी उलटा गं कुनीतरी."

हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. कुणाचा विश्वासच बसेना. तू काटक, साखर नाही, बीपी नाही, तूप तर सणालाच. कोलेस्टेरॉलचा आकडा मी स्वतः काढलेला, अगदी बरा होता. चिंचोळीच्या कारखान्यातून धावत आलेला तुझा लेक डॉक्टरांना विचारत होता, "आईच्या पोटात चरबी गेलीच न्हाय, मग आली कुठनं?" मीही शहाणपणा करून म्हटलं, आपल्याकडं नळाच्या पाइपला क्षार धरतो, तसंच ना हे? डॉक्टर म्हणाले, नाही. पाइप निर्जीव असतो, रक्तवाहिनी जिवंत असते. तिच्या भिंतीत थोडीफार चरबी शिरते, ती बहुतेकांच्या शिरते. ती उचलायला जंतूंवर तुटून पडणाऱ्या त्याच पांढऱ्या पेशी धावतात, पोटभर खातात, फुगतात, तिथंच मरून पडतात. मग त्यांच्यासाठी आणखी येतात. भिंतीला गळवासारखा फुगवटा येतो. सूज जितकी धगधगती, तितकं त्याच्यावरचं आवरण पातळ. ते फाटलं की तिथं रक्ताची गाठ होते आणि वाट बंद. मग त्यांनी तुझा हात आपल्या हातात घेतला आणि तुझ्या सुजलेल्या पेरांवर बोट ठेवून म्हणाले, "इथं जी आग आहे ना, तीच आत पोहोचली आहे."

मी आयुष्यभर सुजेचे आकडे लिहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या आकड्यात माझी बहीण दिसली.

तुझ्या छातीत स्टेंट बसला. तू उशाला विभूती मागितलीस म्हणून मी घरी गेले. देवघरात विभूतीच्या डब्यामागं पितळेची वाटी होती, आणि वाटीत गोळ्या. ओळीनं सगळ्या सोमवारच्या. काहींवर वाळलेलं बेलाचं पान, काहींवर हळदीकुंकू. एकीवर तर अक्षता होत्या. मी देवघरासमोर बसले आणि आधी हसले, मग ढसाढसा रडले. माझं मशीन ठीक होतं. माझी बहीण दर सोमवारी न चुकता औषध घेत होती आणि देवाला देत होती.

वॉर्डात आले ती वाटी घेऊनच. तू वाटीकडं बघितलंस आणि तोंड भिंतीकडं केलंस.

"अक्का, हे काय?"

"दिसतंय की. देवाला दिल्या."

"देवाला संधिवात झालाय?"

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. तू नाही हसलीस. "सोमवारी निरंकार असती मी. उपाशी पोटात ती आग कशी घालू? म्हनून त्याच्याफुडं ठेवायची, म्हनायचं, बाबा, तूच सोस." मग आवाज एकदम खाली आला. "आन् खरं सांगू गिरजे? भ्या वाटलं. आपल्या गल्लीतली धडधाकट माणसं गेली त्या रोगात. त्यात तू म्हनतीस माझी ताकद कमी करायची. मी गेले असते तर चुली कुनी पेटवल्या असत्या?"

तुला झापायचं म्हणून जिना चढताना सगळं भाषण जुळवून आले होते. ते तिथंच राहिलं. तू भित्री असशील हे मला माहीतच नव्हतं, अक्का. मला वाटायचं भीती फक्त मलाच वाटते.

मी खाटेवर बसून परत समजावायला लागले. आधी घरच्यांवरच काठी उगारणाऱ्या राखणदाराची गोष्ट सांगितली, ती तुला पटली नाही. मग घरातल्या भांडणाची सांगितली, ती तर मुळीच नाही. शेवटी मी म्हटलं, ही गोळी तुझी ताकद काढून घेत नाही, तिचा भडका खाली आणते. तेव्हा तू म्हणालीस, "म्हंजे चूल इझवायची न्हाय. आच मंद करायची."

"हो! तेच!"

"मग आधी असं सांगायचं न्हाय व्हय? मोठ्या जाळावर कडक भाकरी करती का कोन? करपती की. मंद आचंवर तव्याच्या कडंला उभी करावी लागती." आणि वर मलाच ऐकवलंस, "तुला कुटं येती म्हना कडक भाकरी."

आली नाही ती नाहीच. पण त्या वाक्यावर मी तुला सगळं माफ केलं.

सोमवार तू सोडला नाहीसच. वार बदल म्हटलं तर डोळे वटारलेस. डॉक्टरांनीच तोड काढली, गोळी सकाळीच हवी असं काही नाही, उपास सोडल्यावर संध्याकाळी घ्या. मग तू तुझी पद्धत बसवलीस. पूजा करायची, गोळी देवापुढं ठेवायची, नमस्कार करायचा, आणि पहिल्या घासाबरोबर ती प्रसाद म्हणून गिळायची. पहिले काही सोमवार मी पहारा द्यायला यायचे. तू जीभ बाहेर काढून दाखवायचीस, "बघ बघ, पोलिसीण!" हृदयाच्या गोळ्या वेगळ्या होत्या, चालणं होतं, आणि मिश्री सोडायची होती. मिश्रीसाठी तू जो तमाशा केलास तो आठवला तर आजही सुवर्णा पदर तोंडाला लावते. पण सोडलीस.

आणि आकडा खाली आला! पहिल्यांदा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी लॅब उघडी टाकून रस्त्यानं धावत आले होते, या वयात. तू रिपोर्ट उलटा धरून वाचलास आणि म्हणालीस, "मशीन दुरुस्त केलंस वाटतं." पुढं बोटं उतरली. एका सकाळी मी केस विंचरत होते आणि भिंतीपलीकडं एक टाळी वाजली. मग दुसरी. मी फणी तशीच केसांत ठेवून ऐकत उभी राहिले. आवाज पूर्वीइतका खणखणीत नव्हता, एक करंगळी कायमची वाकडी झाली होती, पण हात तुझाच होता. अक्का, मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या बातम्या दिल्या आहेत लोकांना. मला मिळालेली सगळ्यात चांगली बातमी ती.

मग तू सुटलीसच. गटातल्या एकेका बाईची बोटं धरून बघायचीस. कुणी सकाळी मूठ वळत नाही म्हटलं की तिला घेऊन माझ्या लॅबच्या पायरीवर हजर. मोडनिंबच्या एका बाईला तर तू एसटी स्टँडवरच पकडलंस, ओळख ना पाळख, पिशवीची गाठ सुटेना म्हणून ती दातानं सोडत होती एवढ्यावरून. "बोटं सुजली तर नुसता लेप लावून बसू नगा, छाती बी दाखवा," हे तू इतक्यांदा म्हणालीस की बायका तुझी नक्कल करायच्या. नक्कल करायच्या आणि दाखवूनही यायच्या. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तू नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागं चाललीस, मी दमून कठड्यावर बसले, आणि तू परत येऊन मला वर "हार्ट तपासून घे गं" म्हणालीस. डॉक्टरांनी दिलेली वर्षं नव्हती ती. तू भांडून घेतलेली वर्षं होती.

या वेळी ताप आला तेव्हा तू नियमानं ती गोळी थांबवलीस, मला फोनही केलास. पण छातीत न्यूमोनिया वेगानं पसरला. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असताना तू मला बोटानं जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "बघ... म्हनलं नव्हतं... ताकद कमी केलीस." डोळे हसत होते. तेवढ्यात हृदयाचे डॉक्टर सोनोग्राफी करायला आले, पडद्यावर बघत म्हणाले, "आजी, हार्ट एकदम मस्त चाललंय." तू माझ्याकडं जे बघितलंस, ते मी विसरणार नाही. परीक्षेत पहिली आल्यासारखं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण नर्सनं बाहेर काढलं, आणि परत आत आले तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडं गेली होतीस.

'ताकद कमी केलीस' या तुझ्या बोलण्यानं मला झोप लागली नाही. शेवटी मी डॉक्टरांना सरळ विचारलं, त्या गोळीनं गेली का? ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, वय होतं, फुप्फुसं थकली होती, थोडा वाटा गोळीचाही असू शकेल, नक्की कुणी सांगू शकणार नाही. पण ती गोळी नसती तर तुम्ही हा प्रश्न खूप आधीच, दुसऱ्याच कारणासाठी विचारला असता. तेव्हा घे, अक्का. अर्धा वाद तू जिंकलीस. उरलेला अर्धा माझा. मला हवी होती ती तू, आणि तू मला एवढी वर्षं मिळालीस. त्या दिवशी मास्कपाशी वाकून हेच बोलायचं होतं.

आता खरी बातमी. तुझी लेक रेणुका माळशिरसहून आली ती अजून इथंच आहे. रडरड रडली, सगळ्यांचं केलं. पण मी बघत होते. सकाळचा चहा ती कपाचा कान न धरता दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. नळ मनगटानं फिरवायची. पीठ मळायची वेळ आली की तिला नेमका फोन यायचा. लेक तुझीच, लपवायलाही तुझ्यासारखीच. मी रबर घेऊन तिच्यासमोर बसले. म्हणाली, "मावशी, आत्ता नको. आईचं होऊ दे सगळं." मी म्हटलं, "तुझ्या आईचं आहे म्हणूनच आत्ता. हात पुढं कर."

तेच निघालं. पण अक्का, तुझं सापडलं त्याच्या किती आधी! बोटं अजून सरळ आहेत. छाती तपासली, स्वच्छ आहे. रिपोर्ट ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हंजे माझं बी आईसारखंच व्हनार?" मी म्हटलं, "व्हय. सत्तरी उलटली तरी भाकरी थापशील आणि मावशीला घालूनपाडून बोलशील."

आज सोमवार. संध्याकाळी तिची पहिली गोळी. सुवर्णानं तुझा शेवटचा डबा काढला, आजारी पडायच्या आधी तू केलेल्या भाकऱ्यांचा. तळाशी एकच उरली होती, मी लपवून ठेवली होती म्हणून. रेणुकानं पूजा केली. गोळी देवापुढं ठेवली, त्याच पितळेच्या वाटीत. नमस्कार करून ती डोळे मिटून बसली, आणि बसूनच राहिली. सुवर्णा माझ्याकडं बघायला लागली. मी मनात म्हटलं, ही पण देवालाच देते की काय.

तिनं डोळे उघडले, वाटीतली गोळी उचलली, आणि दुसऱ्या हातानं तुझी भाकरी दाबली. सुजलेल्या बोटांनी पहिल्यांदा नाही तुटली. तिनं दात आवळून परत दाबली.

कट्टकन मोडली. एवढे दिवस डब्यात राहून जराही मऊ पडली नव्हती. आधी एक तुकडा, मग गोळी, मग परत तुकडा. आणि मग, मी काही न विचारता, तुझ्या लेकीनं माझ्याकडं वळून जीभ बाहेर काढून दाखवली.